चौदाव्या बाटलीतलं पाणी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक प्रश्न विचारतो, आणि उत्तर लगेच देऊ नका. नव्या गावी जाऊन संसार मांडायचा, तर माणसानं आधी काय तपासावं? माती? रस्ता? मागून कुणीतरी म्हणालं – पाणी! बरं. पाण्याचीच गोष्ट सांगतो.

पिंपरीला मोरेश्वर टिळेकर म्हणून एक गृहस्थ होते. कारखान्यात तयार माल तपासायचं काम. तीस वर्षं! जरा खोट दिसली की माल परत. माणूस सज्जन हो, पण सवय अशी लागलेली की घरात भजी केली तरी पहिलं भजं उजेडाला धरून बघणार. हसा, आत्ताच हसून घ्या.

त्यांची बायको कुमुद. तिची फुप्फुसं थकत चालली होती. चौथ्या मजल्यावरचं घर, वर येताना तीनदा पायरीवर बसायची. डॉक्टर म्हणाले, या धुरातून हिला बाहेर न्या, आणि लवकर न्या. मोरेश्वररावांनी नोकरी सोडली. ठरलं – खेड्यात दोन एकर घ्यायची, लहानसं घर, भाजीपाला, दोन शेळ्या. आणि काढली वही!

तालुक्यामागून तालुके पालथे घातले. बरणीत माती ढवळून ठेवायची, थर पट्टीनं मोजायचे. दवाखाना किती लांब, वीज किती तास, पाऊस किती. प्रत्येक गावचं पाणी बाटलीत भरून तपासायला पाठवायचं. तेरा गावं झाली, तेरा बाटल्या झाल्या. तेराही गावांत काही ना काही खोट! अहो, आमच्या दत्तू मृदंगवाल्यानं लग्नाआधी एवढ्या मुली बघितल्या नव्हत्या.

चौदावं गाव भुदरगड तालुक्यातली उंबळवाडी. टेकाडावर शेवटचं घर बयाक्काचं. एकटी बाई. घराशेजारची जमीन तिला विकायची होती, आणि ती का? शेजार पाहिजे म्हणून! संध्याकाळी बाजूच्या घरात दिवा दिसावा, एवढीच तिची हौस. त्या वाडीची रीत अशी की जमीन बघायला आलेल्या माणसाला उंबऱ्यावर गूळ-पाणी द्यायचं. तो प्यायला की बोलणं सुरू. प्यायला नाही, तर विषय संपला.

बयाक्कानं दोन तांबे आणले, झऱ्याच्या पाण्याचे. कुमुदनं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तांब्या घटाघटा रिकामा केला. आणि आमचे मोरेश्वरराव? त्यांनी पिशवीतून बाटली काढली. तांब्यातलं पाणी तिच्यात ओतलं, बूच लावलं, वर चिठ्ठी डकवली – चौदा. बाईच्या डोळ्यांदेखत, मंडळी! त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण रीत मोडली. बयाक्कानं रिकामा तांब्या उचलला आणि आत गेली.

कुमुद मागोमाग आत गेली. काय बोलली कोण जाणे, बाहेर आल्या तेव्हा दोघी हसत होत्या. मग कुमुद त्या जमिनीवर फिरली, चार दगड गोळा केले आणि एका जागी मांडले. इथं तुळस, म्हणाली. परतताना नवऱ्याचा हात धरून तिनं सांगितलं, "अहो, टेकाड चढले तरी मला बसावं लागलं नाही. इथंच थांबू या."

ते म्हणाले, "रिपोर्ट येऊ दे."

आठ दिवसांत रिपोर्ट आला. पाणी उत्तम! आता तरी जावं की नाही? पण हे म्हणाले, माघातलं पाणी कुणीही दाखवील, वैशाखात झरा टिकतो का बघू. वैशाखात झरा टिकला. मग म्हणाले, पावसात रस्ता कसा राहतो तेवढं एकदा बघू. दर वेळी कुमुद एकच विचारायची, दगड तिथंच असतील ना हो?

ज्येष्ठ संपता संपता ती गेली. चौथ्या मजल्यावर, बंद खिडकीशी, हवेसाठी तोंड उघडं ठेवून गेली. आषाढ तिनं बघितला नाही.

दिवस-कार्य उरकून मोरेश्वरराव उंबळवाडीला गेले. भर पावसात. रस्ता अगदी व्यवस्थित होता, मंडळी! एक खड्डा नव्हता. टेकाड चढून गेले आणि बयाक्कापुढे रिपोर्टाचे कागद धरले. म्हणाले, पाणी चांगलं आहे, जमीन घेतो.

बयाक्कानं त्यांच्या मागं वाटेकडं बघितलं. "बाई कुठं हाय?"

त्यांनी सांगितलं. ती पदर तोंडाशी धरून खाली बसली. मग उठून गूळ-पाणी आणलं. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि न पिताच खाली ठेवला.

"पानी चांगलं हाय, हे तिनं तवाच सांगितलं हुतं," बयाक्का म्हणाली. "तिचं ऐकलं न्हाईसा. उद्या माझं काय ऐकणार? जमीन न्हाई देत मी. ते चार दगड तेवढे राहू देत. मी हलवल्याले न्हाईत."

मंडळी, आख्यानाच्या शेवटी देव धावून येतो. मीही तसंच सांगत आलो. या गोष्टीत तो आला नाही. पावसात एक माणूस चार दगडांपाशी उकिडवा बसला, हातातले कागद भिजून लगदा झाले, आणि संध्याकाळी बयाक्काच्या घराशेजारी अंधारच राहिला.

आता तुमच्याकडं वळतो. मान खाली घालू नका, माझ्याकडं बघा! तुमच्याही घरात कुणीतरी काहीतरी मागितलंय – लहानसंच, हात धरून. आणि तुम्ही म्हणालात, बघू. पाऊस होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे, रिपोर्ट येऊ दे. त्या माणसाचा श्वास किती उरलाय, ते कोणत्या वहीत लिहिलंय?

भजन आज नको. उठा, घरी जा. ते माणूस जागं असेल तर त्याला विचारा – काय म्हणत होतास तू?