एकही टोमॅटो सडता कामा नये

...नाही, चूक माझीच, मी कुठे नाही म्हणतोय? पण मला एक सांगा, बियांच्या पाकिटावर इतक्या बारीक अक्षरात लिहायचं कशाला? ‘चार माणसांच्या घराला तीन रोपे पुरेशी आहेत.’ एवढं महत्त्वाचं वाक्य, आणि ते छापलंय कुठे, तर पाकिटाच्या खालच्या घडीत! आणि मी कोण, तर चौतीस वर्षं डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून काढलेला माणूस. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांनाही लागत नसे, तेच चिठ्ठी घेऊन माझ्याकडे यायचे आणि हळूच विचारायचे, अहो, हे मी काय लिहिलंय? असल्या अक्षरावर पोसलेले हे डोळे, स्वच्छ छापील मजकूर दिसला की घसरतातच. घसरले. अख्खं पाकीट पेरलं. म्हटलं, निम्मी मरतील. एक मेलं नाही हो! बेचाळीस रोपं! आणि घरात माणसं किती? मी, आमची ही, आणि लेक. त्यातली लेक फक्त जेवायला आणि मोबाइल चार्ज करायला घरी येते.

तर पहिला टोमॅटो पिकला. एकच. मी सुरी धुतली, पुसली, तीन सारख्या फोडी केल्या, वर चिमूटभर मीठ. तिघांनी खाल्ल्या. मग ही म्हणाली, चांगला आहे. तुम्हाला सांगतो, लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझ्या कुठल्याही गोष्टीला हिने इतक्या लवकर चांगलं म्हटलेलं नव्हतं! मी हवेत. दुसऱ्या दिवशी सात निघाले. आणखी हवेत. चौथ्या दिवशी बादली भरली. आठव्या दिवशी घरातल्या सगळ्या बादल्या भरल्या आणि लेक टॉवेल खांद्यावर टाकून विचारायला लागली की आज आंघोळ कशात करायची. सकाळी सूप, दुपारी सूप, संध्याकाळी ‘काहीतरी वेगळं’ म्हणून घट्ट सूप. आणि टोमॅटो? टोमॅटो येतच होते.

मग ते पसरले. पलंगाखाली ताटं, पुस्तकांच्या फळीवर ताटं, इस्त्रीच्या टेबलावर रांगा. हिने रुमालाचा खण उघडला, रुमाल दिसेनात. तेही सोसलं तिने. पण एक दिवस बाहेर जायला म्हणून नवे कपडे घालून आली, चप्पल घालायला म्हणून खुर्चीवर टेकली... आणि उठलीच नाही. तशीच बसून राहिली, समोर बघत. मला कळलं. त्या खुर्चीवर अडीच किलो ठेवले होते मी, चांगले पिकलेले.

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाली, “ऐका. यातला एकही टोमॅटो सडता कामा नये. एक जरी सडका सापडला, तरी पुढच्या वर्षी ते अंगण माझं. मी तिथे फरशी घालणार आणि काहीही न पिकवता बसणार.”

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, घालू दे की फरशी. अहो, दवाखाना बंद झाल्यावर आठ महिने मी घरात नुसता फिरत होतो. स्वयंपाकघरात गेलो की ही म्हणणार, मध्ये मध्ये येऊ नका. बाहेरच्या खोलीत लेक म्हणणार, बाबा, टीव्हीसमोरून सरका ना. सगळ्या घरात मी ज्याच्या-त्याच्या मधेच! ते मागचं अंगण, वीस पावलांचं, तेवढीच एक जागा होती जिथे मी कुणाच्या मधे येत नव्हतो. ती गेली तर मी उभा कुठे राहू? म्हटलं, कबूल. एकही सडणार नाही.

आधी वाटायला निघालो. पहिल्या आठवड्यात लोक काय खूश! दुसऱ्या आठवड्यात मला बघून खिडक्या लागायला लागल्या. पोस्टमन फाटकापाशी यायचा तो लांबूनच पाकीट भिरकावायला लागला, का तर मागच्या वेळी त्याच्या पिशवीत मी तीन किलो सरकवले होते आणि कुणाचं तरी महत्त्वाचं पत्र लाल होऊन पोचलं. समोरचे शिंपीमास्तर, त्यांच्या दारात पहाटे पिशवी ठेवली, बेल वाजवली आणि धूम ठोकली... या वयात! संध्याकाळी त्यांच्याकडून माझ्या दोन पँटी आल्या, कंबर वाढवून. चारी खिसे शिवून बंद केलेले. उसवले तर काय, आत टोमॅटो! माझेच! आणि इकडे टोमॅटो? टोमॅटो येतच होते.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. अरे, आपण कंपाउंडर! बाटल्या उकळायच्या कशा, झाकण लावायचं कसं, हवा राहू द्यायची नाही ती कशी, हे मला शिकवायचं? दवाखाना बंद झाला तेव्हा डॉक्टरांनी दोन खोकी भरून नव्या कोऱ्या बाटल्या मला देऊन टाकल्या होत्या, मापाचा ग्लास आणि लेबलांचे गठ्ठेसुद्धा. माळ्यावरून सगळं खाली उतरवलं. आणि काय सांगू तुम्हाला! टोमॅटोला खाली फुलीसारखी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात टाकायचा, मिनिटभराने काढून थेट गार पाण्यात. साल आपोआप सुटते, मूल अंगरखा काढतं तशी. मग चिरायचं, गाळायचं, आटवत ठेवायचं आणि ढवळत राहायचं. दहा किलोचं आटून होतं केवढं? चार बाटल्या! अहो, चार! असा हिशेब कळल्यावर माणसाला किती शांत झोप लागते! एक घाणा सॉसचा, एक जॅमचा, उरलेले कापून मीठ लावून गच्चीवर चादरीवर वाळत, वर मच्छरदाणी. भिंतींवर शिंतोडे, माझ्या चष्म्यावर शिंतोडे. लेक घरात शिरली आणि दारातूनच ओरडली, कुणाला लागलंय? म्हटलं, कुणाला नाही, ये, चव बघ. तिने बोट बुडवलं, चाटलं, आणि मोबाइल बाजूला ठेवला. स्वतःहून! आणि झारा घेऊन ढवळायला उभी राहिली. आणि ही? मध्ये मध्ये येऊ नका म्हणणारी? ती दुसऱ्या शेगडीपाशी बाटल्या पुसत होती आणि कधीतरी ऐकलेलं काहीतरी गुणगुणत होती. खरं सांगतो, मला इतका आनंद गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता.

आता लेबलं. सवय हो, दुसरं काय! बाटली हातात आली की लेबल लागलंच पाहिजे, आणि लेबल लागलं की हात थांबत नाही. सॉसच्या बाटलीवर लिहिलं, ‘दोन चमचे, जेवणानंतर, हलवून घेणे.’ साठ बाटल्यांवर तेच. मग ती लेबलं संपली. जॅमला काय लावू? दुसरा गठ्ठा होता, ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी. पोटात घेऊ नये.’ मी विचार केला, जॅम तरी काय, बाहेरूनच लावायचा असतो की, पावाला! कात्री घेतली, ‘पोटात घेऊ नये’ तेवढं कापून टाकलं, वरचं चिकटवलं. काय चुकलं माझं? बिनचूक सूचना होती ती! आणि या वेळी गंमत बघा, गल्लीत कुणी खिडकी लावली नाही. पिशवीतला टोमॅटो नको असतो लोकांना, बाटलीतला चालतो.

आठवड्याने शिंपीमास्तर आले. चेहरा गंभीर. म्हणाले, सात दिवस झाले, कोर्स पूर्ण केला, आता पुढे काय? म्हटलं, कसला कोर्स? म्हणाले, दोन चमचे जेवणानंतर, नेमाने घेतले, एकदा बाहेर जेवलो तर बाटली बरोबर नेली, भूक चांगली लागते आता, पण मला हे सांगा की मला झालं काय होतं?

हे तरी ठीक. पलीकडच्या गल्लीत शाळेतल्या निवृत्त बाई राहतात. माझ्या लेकीला त्यांनी शिकवलंय. छापलेल्या प्रत्येक शब्दावर विश्वास. त्यांना मी जॅमची बाटली दिली होती. आणि बाईंनी काय करावं? दोन्ही गुडघ्यांना लावला! सकाळ-संध्याकाळ! वर पट्टी! मला हे कळलं कसं, तर त्यांची शेजारीण धावत आली की चला, बाईंना बघा, दुपारी झोपल्या होत्या तर मुंग्या पायथ्यापासून रांग लावून पलंगावर चढल्यात. मी तसाच धावलो. म्हटलं, बाई, माफ करा, ते खायचं होतं. बाई पट्टी सोडता सोडता म्हणाल्या, मग तसं लिहायचं ना स्पष्ट, शाळेत काय शिकलात? आणि पुढे म्हणाल्या, पण उतार आहे बरं का, आणखी एक बाटली द्या. गुडघ्यांसाठी! टोमॅटो येतच होते, म्हणून दिली. काय करू?

आणि मग एके दिवशी टोमॅटो थांबले. आमच्या हिने खण बघितले, पलंगाखाली वाकून बघितलं, टॉर्च लावून माळा बघितला. एकही सडका नाही. मी मागे श्वास धरून उभा. म्हणाली, ठीक आहे, अंगण तुमचं. लेकीने टाळ्या वाजवल्या. मी अंगणात जाऊन उगाचच दोन फेऱ्या मारल्या आणि डोळे पुसून आत आलो.

इथे संपायला हवं होतं ना? गेल्या महिन्यात ही तिच्या बहिणीकडे गेली चार दिवस. जाताना सांगून गेली, खिडकीतल्या माझ्या गुलाबाच्या कुंडीला हात लावू नका. म्हणजे बघा! पण पाणी तर घालायला हवं. गेलो, तर गुलाबाच्या बुंध्याशी हा एवढा हिरवा झुबका! एकाच जागी, दाटीवाटीने. पानं चोळून वास घेतला. तो वास मी झोपेतही ओळखेन! माती जराशी उकरली, तर खाली सुकलेली साल. अख्खी. म्हणजे कुणीतरी अख्खा टोमॅटो पुरलेला. आणि मला सांगा, अख्खा टोमॅटो माणूस पुरतो कधी? चांगला असताना?

सापडला होता हो तिला सडका! कधीचाच सापडला होता. एक शब्द काढला असता तर अंगण तिचं होतं, फरशीसकट. आणि तिने काय केलं, तर तो गुपचूप उचलला आणि स्वतःच्या गुलाबाखाली पुरला, आणि वर टॉर्च लावून माळा शोधायचं नाटक केलं! मला भरून आलं. उकरलेली माती हाताने परत सारखी केली.

ती परत आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “अगं, तुझ्या कुंडीत काय उगवलंय ते?”

वर न बघता म्हणाली, “पाखराने बी टाकलं असेल.”

“सालीसकट?”

“मोठं पाखरू असेल.”

आता बोला! सडका होता म्हणावं, तर अंगण जातं. उपटून टाकावं, तर तिने एवढ्या मायेने केलेलं मातीत जातं. मोजली मी ती रोपं. सदतीस! काल एकेक अलगद सोडवून अंगणात लावत होतो, तर ही मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, जरा लांब लांब लावा, मागच्या वेळी तोडायला हात जात नव्हता. लावली लांब लांब. काय करणार? पाखरू मोठं आहे, त्याच्यापुढे आपलं काय चालतं!