डांबराखालच्या जाळ्या

शाळेतून परतताना बसमध्ये हे ऐकलं. शप्पथ, पदरचं काही घातलेलं नाही! पुढच्या सीटवर नवरा-बायको बसले होते. काका पालिकेच्या रस्ते विभागात, काकू गटार विभागात. काकूंनी नुकताच फोन ठेवला होता.

“अहो, घरात पाणी शिरलंय. लेकीनं तुमच्या आईला स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवलंय.”

“पाणी तुमच्या विभागाचं. मला काय सांगतेस?”

“गटारात जाईल कुठून ते? रस्ता करताना सगळ्या जाळ्या डांबराखाली गाडल्यात तुम्ही!”

“म्हणून तर रस्ता असा गुळगुळीत दिसतो! साहेबांनी पाठ थोपटली माझी.”

“मग साहेबांनाही बसवा ओट्यावर, आईंना सोबत होईल.”

“बरं बाई, चुकलं. आपल्या गल्लीतल्या जाळ्या नेमक्या कुठे होत्या? उतरल्या उतरल्या पहारीनं डांबर फोडतो.”

“ते उद्या माझ्या टेबलापाशी येऊन विचारा.”

“उद्या? अगं, आई पोहायला शिकेल तोवर!”

“घरात ऑफिसचा विषय काढायचा नाही, हा नियम कुणाचा?”

“माझा. पण आत्ता आपण बसमध्ये आहोत ना!”

“मग विचारा की पटापट. पुढचा स्टॉप आपलाच आहे.”