डावऱ्या हाताची टेप

शिरोली नाक्यावरच्या गॅरेजात सायकलचं पंक्चर निघेपर्यंत सलमाबाई बाकावर बसून होत्या. समोर धोंडीराम आपल्या मयत लेकाची मोपेड धरून उभा होता आणि दिलदार मिस्त्री तिचा प्लग खोलत होता.

“उद्या गिऱ्हाईक येणार हाय. बसून गंजली आसंल, प्लग आन् वायर दोन्ही बदल.”

“जयसिंग गेल्यापास्नं कुणी चालवली, काका?”

“कोण चालवंल? वरीस झालं, खोपटाला कुलूप हाय. किल्ली माझ्या करदोड्याला.”

“मग ह्यो प्लग बघा. बसलेल्या गाडीचा प्लग गंजतोय. ह्यो भाजक्या बिस्किटागत झालाय. काल-परवा पळाल्याबिगर आसा रंग येत न्हाय.”

“तुझा चष्मा बदल की आधी.”

“चष्मा ऱ्हाऊ द्या. वायर तर नवी कोरी हाय. तुम्ही घातली?”

“मला सायकलची चेन बसवता येत न्हाय, वायर कुठली घालतोय.”

“जोडावरची टेप उलटी गुंडाळलीय. डावऱ्या माणसाचं काम हाय हे.”

धोंडीरामनं वायरला बोट लावलं आणि लगेच मागं घेतलं.

“त्यो डावराच हुता.”

“काका, बसा जरा. पाणी देऊ?”

“नगं.”

“नवा प्लग टाकू न्हवं?”

“हाय त्योच बसव. गिऱ्हाइकाला मी सांगतो, गाडी इकायची न्हाय.”

“बरं.”

“आन् टाकी भरून दे.”

“किती?”

“काठोकाठ. कुठवर जातोय, कुणाला ठावं.”