एका जागी दिसणारा उपग्रह

१९५९ साली वडिलांच्या मृत्यूचा दाखला घ्यायला मी परळच्या वॉर्ड ऑफिसात उभी होते. शेजारची रांग परदेशी जाण्याआधी लस टोचून घेणाऱ्यांची होती. तिच्यात एक वृद्ध पंचांगकर्ते आणि अमेरिकेला निघालेला त्यांचा मुलगा होता.

“तिथे जाऊन नक्की शिकणार काय, मनमोहन?”

“उपग्रहाचं गणित, अण्णा. विषुववृत्तावर बराच उंच सोडला, तर तो पृथ्वीबरोबर फिरेल. मुंबईतून कायम एकाच जागी दिसेल.”

“दिल्लीला कळू देऊ नकोस. मुंबईसारखं त्यालाही केंद्रशासित करायला निघतील.”

“पण तो हळूहळू सरकणारच. पृथ्वी नीट गोल नाही, शिवाय चंद्र-सूर्य ओढतात. सुरुवातीला केसाएवढा फरक पडला, तरी शंभर वर्षांनी तो कुठे असेल ते सांगता येत नाही.”

“शंभर वर्षांनंतरचं ग्रहण मी घटका-पळांसकट देतो. तुम्हाला एक पत्र्याचा डबा सांभाळता येत नाही?”

“का येत नाही, तेच शिकायचंय.”

“म्हणजे येत नाही याची पदवी मिळणार! बरं, बोट अमावास्येची आहे. म्हणून काल चांगल्या मुहूर्तावर तुझं प्रस्थान लीलाआत्याकडे नेऊन ठेवलं. तांदूळ, सुपारी आणि तुझा सदरा.”

“निळा? अहो, तो मी सकाळपासून शोधतोय!”

“सदरा मुहूर्तावर निघाला. तू ये मागून.”

“जाण्याचं गणित केलंत, अण्णा. माझ्या परत येण्याचं केलंत?”

“केलं.”

“मग? कधी येतो मी?”

“तुझा नंबर आला. बाही वर कर.”