मी येते म्हणाले होते

मी मूळची कोकणातल्या कोळीवाड्यातली. बाप होडी घेऊन जायचा, आई डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासे विकायची, आणि लग्नही त्याच वाडीत झालं, चार घरं सोडून. आता पुण्यात येऊन तीस वर्षं झाली, कर्वेनगरात लोकांच्या पोळ्या करते, तिकडची बोलीसुद्धा जिभेवरून गेली बघा.

तर काय सांगू तुम्हाला, माझ्या मीनाने सिनेमा काढलाय, तिचा पहिलाच, आणि तो माझ्याच संसारावर. तिच्या बापाची दारू, त्याचा मार, सगळं मीच सांगितलं तिला. नटीला मासे साफ करायलाही मीच शिकवलं, ती बया बांगडा असा धरायची जणू आता चावणारच आहे तो. पण मुलगी चांगली.

सिनेमात शेवटी ती बाई पोरीचा हात धरून उंबऱ्यात उभी राहते आणि नवऱ्याला म्हणते, मी जाते. टाळ्या पडल्या हो! मी मात्र खुर्चीत गारठले. आमच्यात घरातून निघताना जाते कोणी म्हणत नाही, आणि दर्यावर जाणाऱ्याच्या घरात तर नाहीच नाही. मार खाऊन निघाले तरी माझ्या तोंडातून आलं ते, येते. सवयीने आलं. त्याने ते खरं धरलं.

दोन महिन्यांनी तो पुण्यात आला, कसब्यात माझ्या बहिणीच्या खोलीवर, आम्ही तेव्हा तिच्याकडेच राहायचो. प्यायलेला नव्हता. हातात सुक्या बांगड्यांची पिशवी. दाराबाहेरून म्हणाला, येते म्हणालीस, आली नाहीस, म्हणून न्यायला आलो. मी कडी काढली नाही. आतूनच म्हटलं, जा. दर्यावरच्या माणसाला जा म्हटलं मी! पिशवी दाराशी ठेवून गेला. मीना शाळेत होती. संध्याकाळी तेच बांगडे भाजून तिला वाढले, मंडईतून आणले म्हणून सांगितलं. पोर बोटं चाटून जेवली.

वर्षभरात तो गेला. होडी बुडाली नाही काही, दारूनेच नेला, तरी ते जा मला अजून खुपतं.

दार उघडलं नाही याचं वाईट वाटत नाही हो, उघडलं असतं तर पुन्हा मारच होता. पण मीना लहानपणी विचारायची, बाबा कधी आले होते का गं, आणि मी म्हणायची, नाही, त्याला कुठली आपली आठवण. तेच तिने पडद्यावर दाखवलंय, नवरा मान वर करून बघतसुद्धा नाही. लोक म्हणतात, किती खरं. बाहेर आल्यावर माझ्या गळ्यात पडली, आई, काही चुकलं नाही ना गं? म्हटलं, नाही बाळा, सगळं बरोबर आहे.

पोरीचं नाव मोठं होवो, देवाकडे तेवढंच मागते. तुम्ही लिहिलेलं ती वाचते, म्हणून तर तुम्हाला सांगितलं, माझ्या तोंडून तिच्यासमोर नाही निघायचं. एवढं मात्र मी म्हणते तसंच लिहा. मीना, बाबा आले होते गं.