ओल्या पायाचा ठसा

मेनरोडच्या दुकानात मी तुटकी चप्पल बदलून घ्यायला गेले होते. मला ताटकळत ठेवून दुकानदार सिन्नरच्या मायलेकींना पळायचे बूट दाखवत होता. मग काय, ऐकत बसले.

"पोरी, पाय ओला करून या कागदावर ठेव. बघ, अख्खा तळवा उमटला. म्हणून पळताना नडगी दुखते."

"काका, हा मऊ बूट बरा वाटतोय."

"बसल्याजागी वाटेलच. तुझा पाय आत कलतो, त्याला हा आतून टणकच पाहिजे."

"आई, तू तिकडं तोंड का फिरवलंस?"

"मला बघायला पाहुणे आलेले, तेव्हा असंच ओल्या पायानं चालवलं. फताडी म्हणून उठून गेले. पळून पळून पाय सपाट झाले म्हणत अण्णांनी माझं पळणंच बंद केलं."

"तू पळायचीस? कधी बोलली नाहीस!"

"शाळेत. लय पळायचे. दे बरं तो टणक, मला होतो का बघू."

"होतोय की! चालून बघ."

"अहो बाई, दाराबाहेर नको हं, तळ मळेल."

"मळू द्या काका, हाच घेणार हाय. आई, पळ!"