पुढचं मला विचारा

चारकोपच्या बस स्टॉपवर उत्तराबाईंच्या पुढे दोन मुली उभ्या होत्या. ऐकायचं नाही असं ठरवून बाईंनी कान तिकडेच लावला होता.

"श्रुतिका, अंधशाळेतल्या मॅडमचा परत मेल आलाय. आपलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे सुरूच होत नाहीये."

"कुठे अडल्या?"

"सगळे अडतात तिथेच. डॉक्युमेंटेशनमध्ये चौथ्या स्टेपला मिहिरने लिहून ठेवलंय, 'पुढचं मला विचारा.' अगं, ओपन सोर्स म्हणजे कोणीही घ्यावं, कोणीही सुधारावं. आणि विचारायचं कुणाला, तर जर्मनीत जाऊन बसलेल्या माणसाला! तो उत्तर तरी देतो का?"

"वर्ष झालं. नाही देत."

"मग इथे होता तेव्हाच त्याला लिहायला का नाही लावलंस?"

"लावत होते ना. म्हणायचा, सगळं लिहून ठेवलं तर तू फोन कशाला करशील?"

"झकास! आता आपली वाट लागली. ती स्टेप दुसऱ्या कुणालाच येत नाही."

बस आली. मुली चढल्या नाहीत. उत्तराबाई मागच्या माणसाला म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे."

"मला येते, ऋतिका."

"काय? कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग दर वेळी फोन करून त्याला विचारायचीस काय?"

"तेच. चौथी स्टेप."

"…आता तरी लिही गं. मॅडम थांबल्यात."

"लिहिते. आजच लिहिते. पण त्याची ओळ नाही काढणार. तिच्या खाली लिहिते."